सालामांकात शिकायला आलात? शहरात सामील होण्याची वाट

स्पेनमधल्या सालामांकाच्या जुन्या शहरातल्या प्रसिद्ध वास्तू तीन दिवसांत पाहून होतात. स्पॅनिश शिकायला किंवा एका सेमिस्टरसाठी आलेला विद्यार्थी मात्र इथे चार-पाच महिने राहतो, आणि चौथ्या दिवसापासून काय करायचं हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. मग वर्ग, खोली, घरच्यांशी व्हिडिओ कॉल आणि शनिवारी आपल्याच देशातल्या चौघांबरोबर जेवण असा आठवडा ठरून जातो. एकदा ती घडी बसली की मोडणं कठीण. ती बसायच्या आतच वाचावा म्हणून हा लेख.

माझं सांगणं एकच आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, त्याच माणसांबरोबर होणारी एखादी गोष्ट आधी धरा आणि वास्तू मागाहून बघा. त्या कुठेही जात नाहीत. १२१८ साली लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने इथे विद्यापीठ स्थापन केलं. स्पेनमधल्या आज चालू असलेल्या विद्यापीठांत ते सर्वांत जुनं. तेव्हापासून या गावाला बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची सवय आहे. तुम्ही परके आहात म्हणून इथे कुणी वळून बघत नाही. तसंच कुणी आपणहून हात धरून आतही नेत नाही. पहिलं पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं.

पहिली पायरी: पहिल्या आठवड्यातली कामं

विद्यापीठाचं ओळखपत्र हातात पडलं की ते कायम खिशात ठेवा. जवळजवळ प्रत्येक तिकीटखिडकीवर विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा दर असतो, पण तो मागितल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी विचारायचा शब्द ‘रेदुसिदा’. काही सवलती फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना असतात, तेव्हा फलक नीट वाचा. तिशीच्या आत असाल तर युवा कार्ड, म्हणजे ‘कार्ने होवेन’, काढता येईल का याचीही चौकशी करा.

दुसरं काम म्हणजे ‘कासा दे लास कोंचास’मध्ये जाणं. पंधराव्या-सोळाव्या शतकातला हा वाडा. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेले तीनशेहून अधिक शिंपले आहेत. पर्यटक भिंतीचा फोटो काढून पुढे जातात, पण आत चालू सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथे वर्तमानपत्रं आहेत, चित्रकथा आहेत, आणि भाषा शिकणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडणारी मुलांची पुस्तकंही आहेत. अंगणात जायला पैसे लागत नाहीत. जिन्याने वरच्या मजल्यावर गेलात की समोरच्या क्लेरेसिआ चर्चचे मनोरे अगदी जवळून दिसतात. सदस्यत्वासाठी कोणती कागदपत्रं लागतात ते तिथेच विचारून घ्या. स्पॅनिशमध्ये स्वतः पार पाडलेलं हे पहिलं काम ठरू शकतं.

तिसरं काम वेळापत्रकाचं. इथे दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊनंतर. छोटी दुकानं दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती पाचच्या सुमाराला उघडतात. बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रविवारी दुपारनंतरही पुष्कळ ठिकाणी दारं लागलेली दिसतात. पुण्या-मुंबईच्या सवयीने संध्याकाळी सातला जेवायला बाहेर पडलात तर स्वयंपाकघर सुरूच झालेलं नसतं. ही घडी जितक्या लवकर अंगवळणी पडेल तितकी शहरातली माणसं लवकर भेटतील, कारण ती याच घडीप्रमाणे बाहेर पडतात.

दुसरी पायरी: प्लाझा मायोरमध्ये रोज एक फेरी

प्लाझा मायोर, म्हणजे मुख्य चौक, हा गावचा पारच आहे, फक्त चारी बाजूंनी कमानींनी वेढलेला. १७२९ साली आल्बेर्तो चुरिगेरा याच्या आराखड्यावर काम सुरू झालं आणि १७५५ साली पूर्ण झालं. नगरपालिकेच्या इमारतीवर घड्याळ आहे. ‘घड्याळाखाली भेटू’ एवढं म्हटलं की सालामांकात कुणालाही जागा कळते. वर्गातल्या कुणी असं सांगितलं तर गल्लीचं नाव विचारत बसू नका.

कमानींच्या मधल्या जागांवर गोल दगडी पदकं आहेत. त्यांत राजे, सेनानी, लेखक, संत कोरलेले दिसतील. हुकूमशहा फ्रांकोचंही पदक इथे होतं, ते २०१७ साली काढलं. या पदकांभोवती एक फेरी मारली तरी स्पेनच्या इतिहासाची उजळणी होते. एखाद्या स्थानिक मित्राला बरोबर घेऊन ‘हा कोण, तो कोण’ असं विचारत फिरा. पुस्तकात न सापडणारी मतं ऐकायला मिळतील.

खांब आणि जिने या चौकात वाट अडवत नाहीत. ऊन असेल तर विद्यार्थी सरळ दगडी जमिनीवर बसतात. तुम्हीही बसा. कॉफीच्या टेबलावरच बसलं पाहिजे असं नाही, आणि चौकातल्या टेबलावरची कॉफी शेजारच्या गल्लीतल्यापेक्षा महागच असते. पर्यटन कार्यालयही याच चौकात आहे. तिथून चालू महिन्याची कार्यक्रमपत्रिका घ्या.

तिसरी पायरी: आठवड्याची एक गोष्ट धरा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि तिला मुदत आहे. गायनवृंद, नाट्यगट, नृत्यवर्ग, खेळ यांची नोंदणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. दुसऱ्या सेमिस्टरला आलात तर फेब्रुवारीचे पहिले आठवडे बघा. ‘आधी अभ्यासाचं बस्तान बसू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांच्या जागा तोवर भरलेल्या असतात.

विद्यापीठाच्या सांस्कृतिक विभागाचं संकेतस्थळ आधी उघडा. त्यानंतर आपल्या विभागाच्या फलकावरचे कागद वाचा, कारण कितीतरी कार्यक्रमांची जाहिरात फक्त तिथेच लागते. विद्यापीठाचं स्वतःचं नाट्यगृह आहे. त्याला हुआन देल एन्सिना याचं नाव दिलं आहे. हा पंधराव्या शतकात सालामांकात जन्मलेला कवी, संगीतकार आणि स्पॅनिश नाटकाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. विद्यापीठाचा गायनवृंदही आहे. गाता येत असेल तर चाचणी जरूर द्या. शास्त्रीय गाण्याचा रियाझ केलेल्या मराठी मुलामुलींना स्वर अवघड जाणार नाही, मात्र स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकावं लागेल. तेही फुकट शिकायला मिळतंय असं समजा.

भाषा कच्ची असेल तर देहाने करायच्या गोष्टी आधी घ्या. नाच, डोंगरभटकंती, व्हॉलीबॉल यांत क्रियापदं चुकली तरी काही अडत नाही, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत ती आपोआप सुधारतात. ‘इंतेर्काम्बियो’, म्हणजे भाषेची अदलाबदल, हाही चांगला मार्ग आहे. अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी असा साधा हिशेब असतो. इरास्मुस विद्यार्थ्यांच्या संघटनेची शाखा इथे आहे, ती सहली आणि संध्याकाळचे मेळावे घेते. सुरुवातीला ते सोयीचे पडतात. पण तिथे बहुतेक सगळे आपल्यासारखेच बाहेरून आलेले असतात आणि बोलणं लवकरच इंग्रजीवर घसरतं. महिन्याभराने तिथला वेळ कमी करून स्थानिक गटाला द्या.

विनामूल्य कार्यक्रमांच्या पत्रकावर ‘एन्त्रादा लिब्रे आस्ता कोम्प्लेतार आफोरो’ अशी ओळ असते. प्रवेश खुला आहे, पण जागा भरेपर्यंतच, असा तिचा अर्थ. नाव नोंदवावं लागत नाही, अर्धा तास आधी रांगेत उभं राहावं लागतं. व्याख्यानं, मैफिली, पुस्तक प्रकाशनं बहुधा याच प्रकारची. एक युरोही खर्च न करता आठवड्यातल्या दोन संध्याकाळी भरतात.

चित्रपटांबद्दल एक सूचना. स्पेनमध्ये परदेशी चित्रपट सर्रास स्पॅनिशमध्ये डब करून दाखवतात. मूळ भाषेत हवा असेल तर ‘बेर्सिओन ओरिखिनाल’ असं लिहिलेला खेळ शोधा. शिकणाऱ्याने मात्र मुद्दाम स्पॅनिश चित्रपटांना जावं. कास्तिया इ लेओन प्रांताचं चित्रपट संग्रहालय, ‘फिल्मोतेका’, सालामांकातच आहे. चित्रपटाचा शोध लागायच्या आधी चित्रं हलती दाखवण्यासाठी बनवलेल्या यंत्रांचा तिथला संग्रह बघण्यासारखा आहे.

चौथी पायरी: विद्यार्थ्यांच्या जुन्या खुणा शोधत फिरा

आता वास्तूंकडे या. मार्गदर्शक घेऊन एका दमात सगळं उरकण्यापेक्षा एका दुपारी एकच जागा घ्या. तुम्ही विद्यार्थी आहात, तेव्हा आधीच्या विद्यार्थ्यांनी मागे ठेवलेल्या खुणांच्या मागे गेलात तर जास्त रस वाटेल.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचा दर्शनी भाग सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यावरच्या कोरीवकामात एका कवटीवर बसलेला छोटा बेडूक आहे. कुणाची मदत न घेता तो सापडला तर परीक्षेत पास, अशी समजूत. गर्दीतलं कुणीतरी बोट दाखवतंच, म्हणून शक्य असेल तर सकाळी लवकर जा. आत फ्राय लुइस दे लेओन यांची वर्गखोली आहे. तिथले ओबडधोबड लाकडी बाक पाहिले की आपल्या वर्गातल्या खुर्च्यांबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. फ्राय लुइस हे ऑगस्टिनियन पंथाचे साधू, कवी आणि प्राध्यापक. बायबलमधल्या एका काव्याचा लोकभाषेत अनुवाद केल्यासह काही आरोपांवरून इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाने, त्यांना १५७२ साली पकडलं आणि १५७६च्या अखेरीस सोडलं. परत आल्यावर ‘काल आपण म्हणत होतो’ असं म्हणून त्यांनी व्याख्यान पुढे सुरू केलं, अशी आख्यायिका आहे. बाहेरच्या चौकात त्यांचा पुतळा आहे.

त्याच चौकातून ‘एस्कुएलास मेनोरेस’च्या अंगणात जाता येतं. तिथे ‘सिएलो दे सालामांका’, सालामांकाचं आकाश, आवर्जून बघा. फेर्नांदो गायेगो याने पंधराव्या शतकात विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाच्या छतावर हे खगोलचित्र काढलं. मूळ चित्राचा साधारण एक तृतीयांश भाग उरला आहे आणि गेल्या शतकात तो इथे आणून बसवला. खोली अंधारी असते. आत शिरल्या शिरल्या बाहेर पडू नका, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग हळूहळू सिंह, कन्या, वृश्चिक, धनू या राशी आणि रथात बसलेले सूर्य व बुध दिसू लागतात. पंचांग घरात असलेल्या माणसाला या शहरातली इतकी ओळखीची दुसरी जागा सापडणार नाही.

भिंतींवर लाल रंगात काढलेली गुंतागुंतीची अक्षरं जागोजागी दिसतील. ती ‘व्हीक्तोर’ची चिन्हं, डॉक्टरेट मिळवलेल्यांच्या नावाने रंगवलेली. पूर्वी त्या रंगात बैलाचं रक्त मिसळत. जुन्या कॅथेड्रलच्या आवारातलं सांता बार्बारा चॅपल याच गोष्टीचा दुसरा भाग सांगतं. परीक्षेच्या आदल्या रात्री उमेदवाराला तिथे कोंडत. तो बिशपच्या कोरीव समाधीच्या पावलांना पाय टेकवून रात्रभर अभ्यास करत बसे. उत्तीर्ण झाला तर वाजतगाजत बाहेर, नापास झाला तर मागच्या दाराने गुपचूप. आपल्या सेमिस्टर परीक्षेच्या आधी एकदा तिथे जाऊन याच.

जुनं कॅथेड्रल बाराव्या शतकातलं, नव्याचं काम १५१३ साली सुरू झालं आणि १७३३ साली संपलं. दोन्ही एकमेकांना चिकटून उभी आहेत. नव्याच्या ‘पुएर्ता दे रामोस’ या दाराच्या कोरीवकामात एक अंतराळवीर आहे. तो प्राचीन भाकीत वगैरे काही नाही. १९९२च्या डागडुजीत कारागिरांनी आपल्या काळाची खूण म्हणून कोरलेला आहे. दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या पिढीची सही ठेवायची ही इथली रीत मला फार आवडते. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास या दाराशी या. गावाजवळच्या व्हियामायोरच्या खाणींतला हा वालुकाश्म हवेने हळूहळू सोनेरी होतो, आणि त्या वेळी सगळं जुनं शहर उजळलेलं दिसतं.

गोव्याशी असलेल्या एका दुव्याचं स्मरण इथे ठेवलं पाहिजे. पोर्तुगालची सरहद्द जवळ असल्याने तिथले विद्यार्थी पूर्वापार सालामांकात येत. त्यांतलाच एक गार्सिया दे ओर्ता. सालामांका आणि आल्कालात वैद्यक शिकून तो १५३४ साली गोव्याला आला आणि उरलेलं आयुष्य तिथेच राहिला. मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्याच्याकडे होता. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात त्याने ग्रीक-अरब ग्रंथांचा दाखला निमूटपणे न मानता, इथल्या वैद्यांना विचारून आणि स्वतः पाहून लिहिलं आहे. तो धर्मांतरित ज्यू घराण्यातला होता. मृत्यूनंतर, १५८० साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. सालामांकात येणाऱ्या मराठी आणि कोकणी मुलांनी हे नाव बरोबर घेऊनच यावं असं मला वाटतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. ‘कासा लिस’ हे आर नुव्हो आणि आर देको कलेचं संग्रहालय. त्याच्या रंगीत काचा रात्री दिवे लागल्यावर बाहेरून, नदीच्या बाजूने बघाव्यात. ‘डीए दोस’ हे जुन्या तुरुंगात २००२ साली उघडलेलं समकालीन कलेचं केंद्र. तिथे कोठड्याही बघायला मिळतात. सान एस्तेबानच्या मठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिआ राहिले, ज्यांच्या व्याख्यानांतून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विचाराला आकार आला. अभ्यासाने डोकं जड झालं की कालिस्तो आणि मेलिबेआची बाग, आणि तिथून खाली तोर्मेस नदीवरचा रोमन पूल.

पाचवी पायरी: यादवी युद्धाबद्दल ऐकून घ्या

सालामांकात वावरताना मिगेल दे उनामुनो हे नाव सतत कानावर येईल. लेखक, विचारवंत आणि विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू. स्पेनमधलं यादवी युद्ध सुरू झाल्यावर, १२ ऑक्टोबर १९३६ रोजी, विद्यापीठाच्या सभागृहात फ्रांकोच्या बाजूचे लष्करी अधिकारी मियान आस्त्राय यांच्यासमोर ते उभे राहून विरोधात बोलले. शब्द नेमके कोणते होते यावर आजही अभ्यासकांत वाद आहे. त्यांना पदावरून दूर केलं गेलं आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला घरीच त्यांचा मृत्यू झाला. जुन्या विद्यापीठाला लागून असलेलं त्यांचं आधीचं निवासस्थान आता संग्रहालय आहे. यादवीच्या सुरुवातीला फ्रांकोचं मुख्यालय याच शहरात होतं. ऐतिहासिक स्मृतीचं राष्ट्रीय दस्तऐवज केंद्रही इथेच आहे. त्यात फ्रांकोच्या काळात फ्रीमेसनांची, म्हणजे एका गुप्त बंधुसंघाच्या सदस्यांची, बदनामी करण्यासाठी उभारलेला त्यांच्या सभागृहाचा देखावा जपून ठेवला आहे.

हे सगळं जरूर बघा. मात्र घरमालकिणीच्या जेवणाच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात ‘तुमचे आजोबा कुणाच्या बाजूने होते?’ असं विचारू नका. एकाच घरात दोन्ही बाजू असतात. ओळख वाढली की लोक आपणहून बोलतात, आणि तेव्हा मधे न बोलता ऐकावं.

बैलांच्या झुंजीबद्दलही हेच. सालामांकाचा परिसर लढाऊ बैलांच्या पैदाशीचा आहे आणि सप्टेंबरच्या जत्रेत झुंजी होतात. अनेक तरुण स्पॅनिश मुलांना त्या मुळीच पटत नाहीत. जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. दोन्ही बाजूंचं ऐकायची तयारी मात्र ठेवा.

सहावी पायरी: पिंचो खायला जा, शाकाहारी असलात तरी

इथली संध्याकाळ बारच्या काउंटरपाशी उभ्याने जाते. एका ठिकाणी एक पेय आणि एक ‘पिंचो’, म्हणजे छोटा खाद्यपदार्थ, मग पुढचं ठिकाण. प्लाझा मायोरच्या आसपास ही ठिकाणं पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांसाठी व्हान डाइक रस्ता अधिक परवडणारा. गटात सहसा प्रत्येक जण वेगळं बिल देत नाही. सगळे सारखी रक्कम काढतात किंवा आळीपाळीने एकेक फेरी देतात. आपली फेरी विसरू नका, ते लक्षात राहतं.

दारू पीत नसाल तर ‘मोस्तो’ मागा. तो द्राक्षाचा रस, आणि तो मागणाऱ्याकडे कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही. पिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की रस्त्यावर, चौकात बाटली घेऊन बसायला मनाई आहे आणि दंड होतो.

खाण्याचं नीट सांगतो. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हटल्याने काम भागत नाही. हॅमचे तुकडे आणि ट्यूना मासा याला पुष्कळ जण मांस मानत नाहीत. म्हणून ‘सिन हामोन, सिन आतून’ असं स्पष्ट म्हणा. ‘पातातास मेनेआस’ हा इथला प्रसिद्ध बटाट्याचा पदार्थ नावावरून शाकाहारी वाटतो, पण त्यावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. अंडं चालत असेल तर बटाट्याची ‘तोर्तिया’ सगळीकडे मिळते. अंडंही नको असेल तर तळलेल्या हिरव्या मिरच्या ‘पिमिएन्तोस दे पाद्रोन’, टोमॅटो लावलेला पाव, चीज, ऑलिव्ह, आणि उन्हाळ्यात थंड ‘गास्पाचो’ सूप. जैन जेवणाची सोय बारमध्ये होणार नाही. घरून खाऊन जा आणि काउंटरपाशी गप्पांना उभे राहा. न खाता उभं राहणं चालतं, न येणं मात्र नोंदलं जातं. मांसाहारी असाल तर गिखुएलो गावचा हॅम आणि मसालेदार ‘फारिनातो’ सॉसेज या प्रदेशाच्या खास गोष्टी.

सातवी पायरी: वर्षाचे दिवस आधीच वहीत लिहा

सप्टेंबरात आलात तर आठ तारखेच्या व्हिर्हेन दे ला व्हेगाच्या सणाभोवतीची जत्रा आयती मिळेल. रस्त्यांवर खाण्याच्या टपऱ्या लागतात, प्लाझा मायोरमध्ये गाण्याच्या मैफिली होतात. ओळखी करायला यापेक्षा सोपा आठवडा नाही.

३१ ऑक्टोबरला ‘मारिकेलो’ बघायला नव्या कॅथेड्रलसमोर जा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेल्या लिस्बनच्या भूकंपात कॅथेड्रलचा मनोरा हादरला, पण कोसळला नाही. त्याची आठवण म्हणून प्रदेशाचा ‘चारो’ पोशाख घातलेला एक जण मनोऱ्यावर चढतो आणि वरून बासरी-ढोलकं वाजवतो.

डिसेंबरच्या मध्यात, सुट्ट्या लागण्याआधीच्या एका गुरुवारी, विद्यार्थी आपलं वेगळं नववर्ष साजरं करतात. खऱ्या ३१ तारखेला सगळे आपापल्या घरी गेलेले असतात, म्हणून मित्रांसाठी हा वेगळा दिवस. बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खायची स्पॅनिश रीत आहे, इथे द्राक्षांच्या जागी चिवट गोळ्या खातात. बाहेरगावांहूनही हजारो जण येतात. फोन आतल्या खिशात ठेवा, परतायची वाट आधी ठरवा, आणि गर्दी सोसत नसेल तर लवकर जाऊन अकराच्या आत बाहेर पडा. थंडीही लक्षात असू द्या. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे आणि डिसेंबरात रात्री पारा शून्याखाली उतरतो. मुंबईहून आणलेलं जाकीट पुरणार नाही.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात रस्त्यांतून मूर्तींच्या मिरवणुका निघतात. टोकदार टोप्या घालून चेहरा झाकलेली माणसं बघून दचकू नका. प्रायश्चित्त घेणाऱ्यांचा तो शतकांपूर्वीपासूनचा वेष आहे, अमेरिकेतल्या वर्णद्वेषी टोळीशी त्याचा काही संबंध नाही. काही मिरवणुका पूर्ण शांततेत चालतात. त्या वेळी बोलू नका, रांग ओलांडू नका आणि फ्लॅश मारू नका.

मग येतो सालामांकाचा खास सण, ‘लुनेस दे आग्वास’. ईस्टरच्या रविवारनंतर आठ दिवसांनी येणारा सोमवार. राजा दुसरा फिलिप याच्या काळात उपवासाच्या दिवसांत वेश्यांना तोर्मेसपलीकडे धाडत. उपवास संपल्यावर त्या नदी ओलांडून परत येत आणि विद्यार्थी त्यांच्या स्वागताला काठावर जमत, असं सांगतात. आज सगळं शहर, कुटुंबं आणि विद्यार्थी, नदीकाठी आणि शेतांत जाऊन जेवतं. सोबत ‘ओर्नासो’ हवाच. डुकराचं मांस, चोरिसो सॉसेज आणि उकडलेली अंडी भरलेली ही जाड कणकेची भाजलेली पोळी. शाकाहारी मुलांनी आपला डबा न्यावा. पुरी-भाजी किंवा थालीपीठ गवतावर ठेवलंत की ते किती लवकर संपतं ते बघा. वर्गातल्यांना आदल्या आठवड्यातच ‘तुम्ही कुठे बसणार?’ असं विचारा. आमंत्रणाची वाट पाहत बसू नका.

मे महिन्यात प्लाझा मायोरमध्ये पुस्तकांची जत्रा भरते. १२ जूनला शहराचे संरक्षक संत हुआन दे साहागुन यांचा दिवस, पण तेव्हा बहुतेकांच्या परीक्षा चालू असतात. एक संध्याकाळ काढलीत तरी पुरे.

रात्री काळ्या झग्यात, फिती लावलेले गिटारवादक दिसले तर ते ‘तूना’, विद्यार्थी-गायकांचे गट. ही परंपरा पर्यटकांपुढे गाण्यापुरती उरली आहे असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. थांबून ऐका, टाळ्यांचा ठेका धरा, गाणं संपल्यावर वाद्याबद्दल विचारा. आठ तारांपेक्षा जास्त तारांचं ते छोटं वाद्य म्हणजे बांदुरिआ. वादकाला त्याबद्दल बोलायला आवडतं.

आठवी पायरी: महिन्यातून एकदा शहराबाहेर

सामोरा साधारण ६५ किलोमीटरवर आहे. रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीची इतकी चर्चं एका छोट्या शहरात क्वचितच दिसतात. सिउदाद रोद्रिगो साधारण ९० किलोमीटरवर, तटबंदीचं गाव. तटावरून पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. सिएरा दे फ्रान्सियाच्या डोंगरातलं ला आल्बेर्का लाकूड-दगडाच्या जुन्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे सान आंतोनच्या नावाने सोडलेलं एक डुक्कर गावभर मोकळं फिरतं आणि गावकरीच त्याला खाऊ घालतात. वाय्यादोलिदला राष्ट्रीय शिल्प संग्रहालय आणि ‘कासा दे ला इंदिया’ हे भारतीय संस्कृतीचं केंद्र, दोन्ही एका दिवसात होतात. आपल्याकडचं गाणं-नृत्य स्पॅनिश प्रेक्षकांसमोर कसं सादर होतं ते तिथे कळतं.

डोंगरातल्या गावांना बस कमी असतात आणि रविवारी त्याहून कमी. जाण्याच्या वेळेआधी परतीची वेळ बघून ठेवा. पोर्तुगालची हद्द जवळ आहे म्हणून अचानक ठरवून निघालात तरी पासपोर्ट आणि स्पेनचं राहण्याचं ओळखपत्र दोन्ही बरोबर घ्या. ओळखपत्र अजून हातात आलं नसेल तर आधी आपला व्हिसा अजून वैध आहे ना ते तपासा, आणि शंका असेल तर निघण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात विचारा.